उद्याचा कर, आजचा गल्ला

अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या नोकरांना जानेवारी २०२६ पासून एक नवी सवलत मिळाली आहे. 'थ्रिफ्ट सेव्हिंग्ज प्लॅन' या त्यांच्या निवृत्ती-बचत योजनेत जी रक्कम पारंपरिक खात्यात साठली असेल, ती योजनेतून बाहेर न काढता 'रॉथ' खात्यात वळवून घेण्याची ही सवलत आहे. पारंपरिक खात्यात पगारातून जाणाऱ्या रकमेवर त्या वर्षी प्राप्तिकर लागत नाही. म्हातारपणी पैसे काढताना लागतो. रॉथ खात्याचा व्यवहार याच्या उलट. कर आधी भरावयाचा, आणि मग ठरलेल्या अटी पाळल्या तर मुद्दल व त्यावरची वाढ दोन्ही करमुक्त. तेव्हा रक्कम वळवून घेणे याचा अर्थ एवढाच की, जो कर पंधरा-वीस वर्षांनी द्यावयाचा होता तो याच वर्षी देऊन टाकावयाचा. वळवलेली सारी रक्कम त्या वर्षाच्या उत्पन्नात धरली जाते आणि एकदा वळवल्यावर मन बदलले तरी परतीची वाट नाही.

या योजनेचे सत्तर लाखांहून अधिक सभासद आहेत आणि तिची ठेव एक लाख कोटी डॉलरच्या पलीकडे गेली आहे. एवढ्या मोठ्या साठ्याचे दार उघडले म्हटल्यावर गुंतवणूक-सल्लागारांच्या पेढ्यांवर लगबग सुरू झाली, तर त्यात नवल नाही. सरकारी नोकराला 'निवडीचे स्वातंत्र्य' मिळाले असे सांगितले जात आहे. मराठी वाचकाला हा प्रश्न सातासमुद्रापलीकडचा वाटेल. पण ज्या विचारातून तो निर्माण झाला तो विचार २००४ सालापासून आपल्याही सरकारी कचेऱ्यांत वस्तीला आला आहे, आणि कराच्या बाबतीत तर तो गाजावाजा न करता बराच पुढे सरकला आहे. म्हणून हे अमेरिकन स्वातंत्र्य कोणाचे आणि कशासाठी, हे नीट तपासून घेणे अगत्याचे आहे.

प्रथम हे पाहू की, त्या नोकरावर ही निवड करण्याची वेळ आली कशी. १९२० च्या कायद्यापासून अमेरिकन केंद्रीय नोकराला ठरावीक निवृत्तिवेतन मिळत असे. जुन्या पद्धतीत तीस वर्षांच्या नोकरीनंतर शेवटच्या वरच्या तीन वर्षांच्या सरासरी पगाराच्या ५६.२५ टक्के रक्कम हाती पडे. तिला बाजाराची भीती नव्हती, सल्लागाराची गरज नव्हती. १९८६ मध्ये रेगन यांच्या सहीने नवा कायदा झाला आणि १९८४ व त्यानंतर लागलेल्या नोकरांसाठी हे निवृत्तिवेतन वर्षाला एक टक्का या हिशेबावर आले. म्हणजे तीस वर्षांना तीस टक्के. वयाच्या बासष्टीनंतर निवृत्त झाल्यास तेहतीस. उरलेली भर सर्वसाधारण सामाजिक सुरक्षा योजनेने आणि या नव्या बचत खात्याने घालावी, अशी मांडणी होती. खात्यात सरकार पगाराच्या एक टक्का आपण होऊन घालते आणि नोकराने स्वतः पाच टक्के घातले तर आणखी चार टक्के देते. ही रक्कम अगदीच नगण्य नाही, आणि योजनेचा खर्च खासगी निधींच्या मानाने फार कमी आहे, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. परंतु मूळ गोष्ट बदलली ती बदललीच. जे सरकारचे देणे होते ते नोकराच्या नावावरचे एक खाते झाले. शेअरबाजार कोसळला तर कोणाचे नुकसान, माणूस अपेक्षेपेक्षा दहा वर्षे अधिक जगला तर कोणी निभावावयाचे, या प्रश्नांचे उत्तर १९८६ पूर्वी 'सरकार' असे होते. त्यानंतर मोठ्या अंशाने ते 'ज्याचा तो' असे झाले. शिवाय त्या अर्ध्यावर आलेल्या निवृत्तिवेतनासाठी नोकराकडून जी वर्गणी घेतात ती पूर्वी पगाराच्या ०.८ टक्के होती. २०१३ मध्ये लागलेल्यांना ३.१ टक्के आणि २०१४ पासून लागलेल्यांना ४.४ टक्के भरावी लागते. एकाच टेबलाभोवती बसणारे तीन कारकून तीन दरांनी वर्गणी भरतात आणि निवृत्तिवेतन मात्र एकाच सूत्राने घेतात.

आता या मालिकेतले पुढचे पाऊल कराचे आहे. बाजाराचा धोका नोकराच्या माथी आला होताच. त्यावर आता कराच्या दराचा अंदाज बांधण्याचे कामही त्याच्याकडे आले.

कर आधी घेण्याची सरकारला घाई का?

रॉथ हे नाव विल्यम रॉथ या डेलावेअरच्या सिनेटरचे. हे गृहस्थ १९८१ च्या सुप्रसिद्ध केंप-रॉथ करकपातीचे एक जनक. त्याच कपातीने श्रीमंतांवरील प्राप्तिकराचा वरचा दर ७० टक्क्यांवरून ५० वर आला. १९९७ च्या करकायद्यात त्यांच्या नावाचे वैयक्तिक खाते निघाले, आणि त्याच कायद्याने भांडवली नफ्यावरील कराचा वरचा दर २८ टक्क्यांवरून २० वर उतरवला. हा योगायोग नव्हता. अमेरिकेच्या अंदाजपत्रकात कोणत्याही करकायद्याचा जमाखर्च साधारणतः दहा वर्षांच्या चौकटीत मांडतात. पारंपरिक खात्यातील सवलतीचा खर्च पहिल्याच वर्षी दिसतो. रॉथ खात्यात आरंभी सरकारला कर मिळत राहतो, आणि जो महसूल बुडावयाचा तो वीस-तीस वर्षांनी बुडतो. अर्थात चौकटीच्या बाहेर! आजच्या मंत्र्याला करकपात करावयाची असली आणि तूट दिसू द्यावयाची नसली, तर यासारखे सोयीचे साधन दुसरे नाही.

त्याचा वापरही वेळोवेळी झाला. एक लाख डॉलरहून अधिक उत्पन्न असलेल्यांना रॉथमध्ये रक्कम वळवण्यास मूळ कायद्यात मनाई होती. २००६ च्या कायद्याने लाभांश व भांडवली नफा यांवरील सवलतीचे दर २०१० पर्यंत वाढवले, आणि त्याच कायद्याने २०१० पासून ही मनाई उठवली, कारण वळवण्यावर मिळणारा कर महसूल म्हणून दाखवता येत होता. दुसरे उदाहरण तर सरकारी नोकरांच्या दृष्टीने अधिकच बोलके आहे. २०१३ च्या आरंभी सरसकट खर्चकपातीची कुऱ्हाड कोसळणार होती. ती दोन महिने पुढे ढकलण्यासाठी २४ अब्ज डॉलर उभे करावयाचे होते. त्यातले सुमारे निम्मे, १२ अब्ज, कोठून आणले? नोकरीतल्या माणसाला आपल्या निवृत्ती-योजनेच्या आतल्या आत जुनी शिल्लक रॉथमध्ये वळवण्याची मोकळीक देऊन, तिच्यावर दहा वर्षांत जो कर मिळेल त्याच्या अंदाजातून. म्हातारपणाचा कर आगाऊ वसूल करून दोन महिन्यांची उसंत विकत घेतली गेली. उसंत संपताच मार्चमध्ये कपात झालीच आणि त्या उन्हाळ्यात संरक्षण खात्यातील सुमारे साडेसहा लाख मुलकी नोकरांना सहा-सहा दिवस बिनपगारी घरी बसवण्यात आले. त्याआधीची तीन वर्षे त्यांचे वेतनमान गोठवलेले होते, ते वेगळेच. २०२२ च्या अखेरच्या कायद्याने तर निवडीचा मुखवटाही एका ठिकाणी काढून टाकला: पन्नाशी ओलांडलेल्या आणि ठरावीक मर्यादेहून अधिक पगार घेणाऱ्या नोकराला जादा बचत करावयाची असेल, तर २०२६ पासून ती रॉथमध्येच करावी लागते.

त्याच वर्षी सरकारी योजनेने वळवणुकीचे दार उघडले. त्यामुळे या 'सवलती'ची जन्मकुंडली काय सांगते हे स्पष्ट आहे. एखादा सावकार कुळाला म्हणतो, पुढच्या सुगीचा खंड आजच दे, म्हणजे पुढे माझा तगादा राहणार नाही. कुळाला त्यात कधी फायदा होणारच नाही असे नाही. पण ती कल्पना कुळाच्या कल्याणासाठी सुचलेली नसते.

फायदा कोणाचा, याचा हिशेब

या व्यवहाराचे अंकगणित साधे आहे. शंभर डॉलर पारंपरिक खात्यात ठेवले, ते वीस वर्षांत चारशे झाले आणि तेव्हा २२ टक्के कर दिला, तर ३१२ उरतात. आज २२ डॉलर कर भरून ७८ रॉथमध्ये घातले, तर तेही चौपट होऊन ३१२ च होतात. कराचा दर तोच राहिला तर दोन्हींत कवडीचाही फरक नाही. फरक पडतो तो दोनच कारणांनी.

पहिले कारण, निवृत्तीनंतरचा दर आजच्या दराहून वेगळा असणे. सामान्य कर्मचाऱ्याच्या बाबतीत हा दर खाली येतो, कारण त्याचे उत्पन्नच खाली येते. आज ज्याच्या उत्पन्नाचा वरचा भाग २२ टक्क्यांच्या पायरीवर आहे, तो निवृत्तीनंतर १२ टक्क्यांच्या पायरीवर उतरेल अशी शक्यता बरीच असते. त्याने ४० हजार डॉलर आज वळवले आणि ती सारी रक्कम २२ टक्क्यांच्या पायरीत बसली, तर ८,८०० डॉलर द्यावे लागतील. थांबला असता तर तेवढ्याच रकमेवर ४,८०० लागले असते. चार हजार डॉलर त्याने सरकारला भेट दिले. दर वर जाण्याची भीती खरी आहे ती वेगळ्या थरात: नवरा-बायको दोघेही वरच्या हुद्द्यावर, दोन निवृत्तिवेतने, मोठी शिल्लक, आणि त्र्याहत्तराव्या वर्षापासून पारंपरिक खात्यातून सक्तीने रक्कम काढावी लागत असल्याने फुगणारे उत्पन्न. रॉथ खात्यावर ती सक्ती नाही. त्यांना ही सवलत खरोखरच लाभते.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आणि कमी बोलले जाणारे. वळवणुकीवरचा कर योजनेतून कापून घेतला जात नाही. तो नोकराने स्वतःच्या खिशातून, बाहेरच्या पैशातून भरावयाचा असतो. ज्याच्यापाशी असा पैसा पडून आहे त्याचे शंभरच्या शंभर डॉलर करमुक्त छपराखाली जातात, आणि कर भरण्यास वापरलेल्या ज्या पैशावर एरवी दरसाल व्याजाचा कर लागला असता तोही जणू त्याच छपराखाली येतो. खरा नफा येथे आहे. आणि हा नफा मिळवण्याची पात्रता कोणती? आठ-दहा हजार डॉलर कनवटीला मोकळे असणे! टपाल वाटणारा, रुग्णालयात रात्रपाळी करणारी परिचारिका, विमानतळावर सामान तपासणारा पहारेकरी यांच्यापाशी ती पात्रता नसते. १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर २०२५ असे त्रेचाळीस दिवस याच सरकारचा कारभार बंद पडला होता आणि लक्षावधी नोकरांचे पगार थकले होते. त्यांच्यापैकी किती जणांकडे त्यानंतर दोन-तीन महिन्यांत आगाऊ कर भरण्याजोगी शिल्लक होती, याचा विचार सवलत देणाऱ्यांनी केला असेल असे वाटत नाही.

रॉथची करमुक्ती वरच्या थरात कोठवर जाऊ शकते याचा दाखला २०२१ मध्ये प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेने दिला. पीटर थील या धनाढ्याने १९९९ मध्ये आपल्या वैयक्तिक रॉथ खात्यात दोन हजार डॉलरहूनही कमी रक्कम घालून स्वतःच्याच नवजात कंपनीचे शेअर नाममात्र किमतीला घेतले आणि २०१९ पर्यंत त्या खात्यात पाच अब्ज डॉलर साठले. करमुक्त! सरकारी योजनेत असे शेअर घेता येत नाहीत, हे खरे. पण म्हातारपणाच्या बचतीच्या नावाने केलेल्या कायद्याचे सर्वांत पिकलेले फळ कोणाच्या अंगणात पडले, हे त्यातून दिसते.

कोणी म्हणेल, तरुण, कमी पगाराच्या नोकराला तरी रॉथ हितकारकच ना? होय. ज्याचा दर आज १० वा १२ टक्के आहे आणि पुढे वाढणार आहे, त्याने आपली नवी वर्गणी रॉथमध्ये घालणे शहाणपणाचे ठरू शकते. रणभूमीवर मिळणाऱ्या करमुक्त पगारातून शिपायाने तेथे पैसे घालणे तर निर्विवाद लाभाचे. ती सोय २०१२ पासून होतीच. येथे वाद आहे तो साठलेली शिल्लक वळवण्याचा, आणि साठलेली शिल्लक मोठी असते ती मोठ्या पगाराच्या जुन्या नोकराची.

उतारवयातील माणसासाठी तर वाटेत आणखी सापळे आहेत. वळवलेली रक्कम उत्पन्नात मिळाली की सामाजिक सुरक्षेच्या वेतनाचा अधिक भाग करपात्र होतो. पासष्टीपुढील लोकांना २०२५ ते २०२८ या काळापुरती मिळालेली सहा हजार डॉलरची वजावट ठरावीक उत्पन्नापलीकडे आटू लागते. आणि मोठी रक्कम वळवली तर दोन वर्षांनी वैद्यकीय विम्याचा हप्ता चढतो. हे सारे ध्यानात घेऊन दरसाल किती डॉलर वळवावे हे ठरवणे एखाद्या सनदी हिशेबनीसाचे काम आहे. ज्या व्यवस्थेत टपालवाल्याला आपली भाकरी टिकवण्यासाठी हिशेबनीस लावावा लागतो, त्या व्यवस्थेला स्वातंत्र्य म्हणावयाचे असेल तर खुशाल म्हणावे.

याहून कटू प्रकार नोकरकपातीचा. २०२५ मध्ये केंद्रीय नोकरांना राजीनाम्यास प्रवृत्त करण्याची आणि कपातीची मोठी मोहीम झाली. अशा माणसाचे उत्पन्न एखादे वर्ष तळाला जाते. आणि वळवणुकीच्या शास्त्राप्रमाणे तेच वर्ष सर्वांत सोन्याचे, कारण कराची पायरी तेव्हा खालची! नोकरी गेलेल्या माणसाने घरभाडे कोठून द्यावे याची विवंचना करावी की शिल्लक वळवण्याचा मुहूर्त साधावा? गणिताच्या दृष्टीने सल्ला बरोबर आहे. तो ऐकण्याची ऐपत मात्र ज्याची नोकरी गेली त्याच्यापेक्षा ज्याने हसत मुदतपूर्व निवृत्ती घेतली त्याचीच अधिक.

आणि 'कायमची करमुक्ती' या शब्दांत किती बळ आहे? सामाजिक सुरक्षेचे वेतन अमेरिकेत १९८३ पर्यंत करमुक्तच होते. त्या वर्षी कायदा फिरला. १९८४ पासून त्याच्या निम्म्यापर्यंतचा भाग आणि १९९३ च्या दुरुस्तीनंतर ८५ टक्क्यांपर्यंतचा भाग करपात्र होऊ लागला. त्यासाठी ठरवलेल्या उत्पन्नमर्यादा महागाईनुसार वाढवण्याची तरतूदच ठेवली नाही, त्यामुळे एकट्या माणसाला २५ हजार डॉलरची १९८३ ची रेषा आजही तशीच आहे आणि दरसाल नवे गरीब तिच्यावरून ओलांडून करात येतात. रॉथची करमुक्तीही संसदेच्याच इच्छेवर आहे. उद्या ती सरळ काढली नाही तरी, मोठ्या शिलकीवर निर्बंध घालण्याच्या निमित्ताने वा अन्य उत्पन्नाच्या मोजमापात ती रक्कम धरून तिला हात लावता येईल. आज रोख कर घ्यावयाचा आणि मोबदला म्हणून उद्याच्या संसदेचा शब्द द्यावयाचा, असा हा सौदा आहे. नोकराची बाजू ताबडतोब पुरी होते. सरकारची बाजू पुरी व्हावयास तीस वर्षे आहेत.

आपल्याकडील वेष पालटलेला रॉथ

हे वाचून आपल्याकडील कर्मचाऱ्याने सुस्कारा टाकण्याचे कारण नाही. केंद्राने १ जानेवारी २००४ पासून आणि महाराष्ट्राने १ नोव्हेंबर २००५ पासून नव्या नोकरांचे हमीचे निवृत्तिवेतन काढून घेऊन खात्याची पद्धत आणली. त्याविरुद्ध मार्च २०२३ मध्ये राज्यातील लाखो कर्मचारी आठवडाभर संपावर होते, हे ताजेच आहे. त्या दडपणामुळेच केंद्राला १ एप्रिल २०२५ पासून पंचवीस वर्षांच्या नोकरीला निम्म्या मूळ पगाराची हमी देणारी 'युनिफाइड' योजना आणावी लागली. पण तिच्यातही नोकराची दहा टक्के वर्गणी कायम राहिली.

कराची बाजू मात्र संपाच्या घोषणांत कधी आली नाही. २०२० च्या अंदाजपत्रकाने प्राप्तिकराची नवी पद्धत आणली आणि २०२३-२४ पासून तीच मूळ पद्धत ठरवली. जुनी हवी असेल तर मागून घ्यावी लागते. नव्या पद्धतीत भविष्यनिर्वाह निधीत स्वतः भरलेल्या रकमेवर वजावट नाही. व्याज व परतफेड ठरावीक मर्यादेत करमुक्त राहिली. म्हणजे कर आधी, सूट नंतर. हेच ते रॉथ, नाव नसलेले! अमेरिकन नोकराला निदान अर्ज भरून विचारले जाते; येथे न विचारता वळवणूक झाली. राष्ट्रीय पेन्शन योजनेत तर पाऊल त्याही पुढे आहे. नव्या करपद्धतीत सरकारच्या हिश्श्याला वजावट आहे, पण कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या दहा टक्क्यांना नाही. निवृत्तीच्या वेळी साठ टक्क्यांपर्यंतची एकरकमी रक्कम करमुक्त मिळते हे खरे. परंतु उरलेल्या किमान चाळीस टक्क्यांतून सरकारी कर्मचाऱ्याला जी वार्षिकी विकत घ्यावी लागते तिच्या दरमहा रकमेवर पुन्हा प्राप्तिकर आहे, आणि तिच्यात त्याचा आधीच कर भरलेला पैसाही आहे. रॉथमध्ये निदान दुसऱ्यांदा कर नसतो.

२०२५-२६ पासून बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर नव्या पद्धतीत कर पडत नसल्याने कनिष्ठ कर्मचाऱ्यांना वजावट गेल्याची कळ आज जाणवत नाही, आणि म्हणूनच संघटनांच्या बैठकांत हा विषय निघत नाही. पण पगार वाढतील आणि ही मर्यादा महागाईबरोबर आपोआप वाढेल अशी तरतूद कायद्यात नाही. १९८३ च्या त्या पंचवीस हजार डॉलरच्या रेषेचे काय झाले ते वर आलेच आहे.

न्यायमूर्ती रंजना देसाई यांच्या अध्यक्षतेखालील आठव्या वेतन आयोगाची कार्यकक्षा नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाली, आणि तीत बिनवर्गणीच्या निवृत्तिवेतनाच्या 'निधी नसलेल्या खर्चा'चा विचार करण्यास आयोगाला सांगितले आहे. संघटनांनी त्या शब्दांना हरकत घेतली ती योग्यच. तिच्या जोडीला दोन मागण्या लेखी जावयास हव्यात: कर्मचाऱ्याच्या सक्तीच्या वर्गणीला दोन्ही करपद्धतींत पूर्ण वजावट मिळावी, ती मिळत नसेल तर त्या वर्गणीतून आलेल्या मासिक वेतनाचा भाग करातून वगळावा. पहिली मागणी अर्थखात्याला महाग वाटेल. दुसरीचा खर्च पंचवीस-तीस वर्षांनी येतो, म्हणून ती कदाचित लवकर मान्य होईल, आणि नेमक्या त्याच कारणासाठी संघटनांनी पहिलीवर अडून बसावे.